एका इंचात बावीस

इंगेगर्डने रायफल काउंटरवर ठेवली
अंगणातलं खोरं ठेवावं तशी.
"बाबांची. मागचा पेच गळून पडलाय,
नवा घाल, म्हणजे विकता येईल."
बाहेर हामरडालचा रस्ता बर्फाच्या नांगराने
नुकताच सोलून काढलेला.
तिच्या बुटांखाली पाण्याची दोन तळी.

जुनी माउझर. पुढचा पेच जागेवर.
मागचा तिच्या खिशात, स्नूसच्या रिकाम्या डबीत,
दोन नाण्यांसोबत.

सुटा पेच हातात आला की
आधी त्याचं ऐकायचं नाही.
जो अजून जागेवर आहे त्याला विचारायचं.
पुढचा काढला. चिंधीने पुसला.
व्हर्नियर म्हणाला सहा पूर्णांक तीस.
म्हणजे पाव इंच, जरासा झिजून.
मिलिमीटरांच्या देशातलं हत्यार
आणि आटे इंचाच्या हिशेबातले.
त्या काळी यंत्रं मिळाली तशी घेतली असतील कुणी.
लोखंड कुठे विचारतं, तुझं गाव कोणतं.

मग पात्यांचा गेज,
करवतीच्या दातांचं छोटं पुस्तक.
विसाचं पान खिडकीसमोर धरलं:
तिसऱ्या दातापाशी उजेडाची फट.
चोविसाचं: फट दुसऱ्या अंगाने.
बावीस, पंचावन्न अंशांचं,
आणि उजेड गेला.
पातं आणि पेच यांच्यामध्ये
फेब्रुवारीची एवढी पांढरी दुपार, पण
तिचा धागाही शिरेना.

आता डबीतला.
सहा मिलिमीटर. आट्यापासून आटा एक मिलिमीटर.
दुधाच्या यंत्राला, सायकलला, कशालाही लागतो तसला.
असला पेच त्या भोकात शिरतो, हेच वाईट.
दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो,
आणि मनगटाला वाटतं, घट्ट बसला.
बसलेला नसतो. अडकलेला असतो.
दोन आटे धरून, बाकीचे नुसते सोबतीला.
दर बाराला लोखंड लाकडात केसभर सरकतं.
शंभर मीटरवर त्या केसाचा
हाताएवढा पंजा होतो.

हालवारचे नेम चुकायला लागले
तेव्हा पहिल्या वर्षी वाऱ्याला दोष.
मग काडतुसांना.
मग एस्टरसुंडला जाऊन चष्मा बदलला, दोनदा.
मग गटाने त्याला दलदलीकाठचं ठाणं सोडायला सांगितलं,
हळूच, कॉफी ओतता ओतता.
उरलेली वर्षं त्याने कुत्री धरली,
एल्क सोलणाऱ्यांसाठी बटाटे उकडले,
आणि कुणी विचारलंच तर
बोट नुसतं डोळ्यांकडे नेलं.

मी पेच उलटा केला.
लांबी कमी करायला टोक कानशीने घासलेलं,
घाव तिरका, डावीकडून आलेला.
या भागात डावखुरा कारागीर
एकच आहे.

ऑगस्ट संपत आलेला असणार. दारात रांग असणार.
योग्य पेच मागवायचा तर तीन आठवडे,
आणि हालवार म्हणाला असणार, सोमवारी निघायचंय.
मी डबा चाळला असणार.
जातोय ना? मग चालेल.
असणार, असणार.
आठवत काहीच नाही.
कबूल करायला सगळ्यात जड तेच जातंय,
की तेवढंही आठवत नाही.

नवा पेच बोटांनीच आत गेला,
शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापर्यंत हत्यार लागलं नाही.

"किती झाले?" तिने पाकीट काढलं.
"विकू नकोस एवढ्यात. एकदा झाडून बघ."
ती हसली. "मी? माझी नजर बाबांवर गेलीय."

दाराची पाटी मी उलटी केली.
स्टोव्हजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरचे पट्टे, डबे
खाली ढकलले.
खोटा पेच अजून मुठीत, घामाने ओला.
"बस, इंगेगर्ड," मी म्हणालो.
"डोळ्यांचं काही नव्हतं."